तुम्हाला न आठवलेलं नाव

अहो, आधी माफी मागते. माझं अक्षर किती वाईट आहे ते तुम्हाला माहीत आहे. किराण्याची यादी मी लिहून दिली की तुम्ही वाण्याला म्हणायचा, "कोंबडीचे पाय ओळखता येतात ना, मग वाचा." ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत जमलं नाही आणि चौथीच्या पुढे शाळाच नव्हती. घरात आपण आपली दखनी बोलायचो, पण लिहायला मला शाळेतलं मराठीच येतं. म्हणून तुमचं बोलणंही मराठीतच उतरवते आहे. चुकेल तिथं समजून घ्या.

मी इद्दतीत बसले आहे. नवरा गेलेल्या बाईने चार महिने दहा दिवस घरातच राहायचं असतं, ते तुम्हाला काय सांगायचं. बायका येतात, माझा हात हातात घेऊन बसतात, चहा पिऊन जातात. मला त्यांच्याशी काय बोलावं ते सुचत नाही. इतकी वर्षं बोलायचं काम तुमचं होतं. कोणी मला काही विचारलं तरी उत्तर तुम्ही द्यायचा. मी मान हलवायची.

पण आज एक गोष्ट झाली. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही. त्या तीस हजारांची गोष्ट आहे. क्रमाने सांगते.

शाहीन आपल्या घरात सून म्हणून आली तेव्हा तिचं इंग्रजी ऐकून आपण दोघं गप्पच बसायचो. आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीची कंपनीची बस, बाकीचे दिवस आतल्या खोलीत कानाला ते हेडफोन. एक वाक्य ती फोनवर सारखं म्हणायची, "कुड यू जॉग माय मेमरी, प्लीज." एकदा तुम्ही भाकरी मोडत बसला होता. तुम्ही मला म्हणालात, "ही पळायला कुणाला सांगते गं?" कारण जॉगिंगवाले आपल्याला माहीत होते, सकाळी पांढरे बूट घालून तळजाईच्या टेकडीवर जाणारे.

शाहीन बाहेर आली तेव्हा मी धीर करून विचारलं. ती म्हणाली, "पळायचं नाही अम्मी. जॉग म्हणजे हळूच ढकलणं. कोपराने ढोसतो ना आपण, तसं. गोष्ट डोक्यात असते, नुसती अडकलेली असते. समोरच्याने थोडं हलवलं की बाहेर येते."

तुम्ही म्हणालात, "मशीनचं चाक अडकतं तेव्हा मी काय करतो? जोर लावला की सुई मोडते. पुढे थोडं, मागे थोडं. याला इंग्रजी कशाला लागतं?"

"अब्बा, मी विसरले असं म्हटलं तर गिऱ्हाईक चिडतं. असं म्हटलं की तोच मदत करतो."

"म्हणजे विसरायचं तू आणि कष्ट करायचे त्याने. चांगली कंपनी आहे."

शाहीन हसत आत गेली. त्या दिवसापासून तुम्हाला ते वाक्य सापडलं. कोथिंबीर आणायची राहिली की "तू मला जॉग केलं नाहीस." लाईटबिल राहिलं की "जॉग नाही केलंस." शाहीनने तुम्हाला किती वेळा समजावलं, की हे दोष द्यायला म्हणत नाहीत, ज्याला आठवत नाही त्याने विनंती करायला म्हणतात. तुम्ही म्हणायचा, "मग मी पण विनंतीच करतोय. जरा मोठ्याने करतोय."

तुमचं माझं भांडण मात्र वेगळंच होतं, आणि ते आपण शेवटपर्यंत मिटवलं नाही. तुम्हाला माणसांची नावं येत नव्हती. येत नव्हती म्हणजे तुम्ही विचारतच नव्हता. स्वारगेटच्या मागच्या त्या एवढ्याशा दुकानात तुम्ही जन्मभर शिलाई मशीनं दुरुस्त केली, अर्ध्या पुण्याचे टेलर तुमच्याकडे आले, आणि आपल्या पोराने, इरफानने, तुमच्या मोबाईलमध्ये नंबर भरून द्यायला घेतले तेव्हा तुम्ही सांगितलं, लिही, काळं पायमशीन. लिही, दोरा तोडणारं. लिही, शटल टक् टक्. मी म्हटलं, "अहो, माणसाला नाव असतं." तुम्ही म्हणालात, "सुनीता या गल्लीत सहा असतील. टक् टक् वाजणारं मशीन एकच आहे." पुढे मी बोलले नाही. पण मला ते पटलं नव्हतं, आणि ते तुम्हाला माहीत होतं.

माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा पैसे कमी पडत होते. तुम्ही एका संध्याकाळी तीस हजार घेऊन आलात. मी विचारलं, कोणी दिले? तुम्ही म्हणालात, "एका गिऱ्हाइकाने. कागद नाही, व्याज नाही. तू बरी हो." मी बरी झाले. त्यानंतर तुम्ही चहा दुकानातला बंद करून घरून थर्मास न्यायला लागलात, आणि कपाटात कपड्यांखाली नोटा जमायला लागल्या. भरत आले तसं एक दिवस तुम्ही म्हणालात, "झाले. आता गिऱ्हाईक आलं की देऊन टाकतो." आणि त्याच आठवड्यात दुकानात बसल्या जागी तुम्हाला झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं.

पैसे घरात होते आणि ज्याचे होते ते माणूस कोणालाच माहीत नव्हतं. असं कोणाचं होतं का हो?

दवाखान्यातून घरी आणल्यावर शाहीनने मला बाजूला घेतलं. मी तुम्हाला विचारत होते, "चहा पाहिजे ना? चहा?" आणि तुम्ही मान हलवत होता. ती म्हणाली, "अम्मी, तुम्ही उत्तरच देऊन टाकता. मग त्यांना शोधायला काही राहत नाही. शब्द आत आहे. तुम्ही फक्त हलवायचं." मग मी कप दाखवायची आणि गप्प बसायची. तुम्ही त्या कपाकडे बघत राहायचा, ओठ हलायचे, घाम यायचा. मला बघवायचं नाही. पण एक दिवस तुम्ही म्हणालात, "च." आणि दोन दिवसांनी "चा." मी तो कप घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. लग्नानंतर तुम्ही मला पहिल्यांदा हाक मारली होती तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग एकेक येत गेलं. पाणी. पोरगा. शाहीनला तुम्ही "कंपनी" म्हणायला लागलात आणि ती चिडायचं सोडून ओ द्यायला लागली. शब्द अडला की तुम्ही डाव्या कोपराने मला ढोसायचा. शाहीन म्हणायची, "बघा, आता अब्बा बरोबर वापरतात. विनंती करतात." नको ते मात्र आधी यायचं. तुमच्या लहानपणी शेजाऱ्यांची शेळी होती, तिचं नाव तुम्हाला आठवलं. मी म्हटलं, शेळीचं नाव ठेवलंत ध्यानात आणि माणसांची नाही. तुम्ही हसलात. एका बाजूने हसलात, पण हसलात.

फक्त त्या तीस हजारांचं येत नव्हतं. ती गोष्ट निघाली की तुमचा चेहरा बदलायचा. आपल्यात माणूस कर्ज ठेवून जाऊ नये, हे तुम्हीच इरफानला लहानपणापासून सांगत आलात. इरफान विचारायचा, "अब्बा, नाव सांगा. पहिलं अक्षर सांगा. अ? स? म?" तुम्ही डावा हात हवेत गोल फिरवायचा. एकदा, दोनदा, परत परत. इरफानला वाटायचं पंखा लावायचा आहे. मला वाटलं जपाची तसबीह मागता आहात, मी हातात दिली, तुम्ही बाजूला ठेवली. पुन्हा हात गोल. मग तुम्ही रडायचा आणि आम्ही विषय बंद करायचो.

इरफानने तुमच्या मोबाईलमधले सगळे नंबर लावले. काळं पायमशीन म्हणाला, नाही बाबा, मीच मिस्त्रींचं दीडशे देणं लागतो. शटल टक् टक् म्हणाली, मिस्त्री बरे आहेत का, माझं मशीन कधी मिळेल. एकाला इरफानने सरळच विचारलं, "अब्बांनी तुमच्याकडून पैसे घेतले होते का?" तो म्हणाला, "हो, घेतले होते की." इरफान खूश झाला. शाहीनने फोन काढून घेतला आणि विचारलं, "कशासाठी घेतले होते, काका?" पलीकडून आधी "हॅलो, हॅलो" आलं. मग म्हणाला, "बेटा, रेंज जातेय." शाहीन इरफानला म्हणाली, "तू उत्तर सांगितलंस. आपण उत्तर सांगितलं तर कोणीही हो म्हणेल."

शेवटी मीच तुम्हाला म्हटलं, आता सोडा. मी शोधते. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. ज्या बाईला दूधवाल्याशी दोन शब्द बोलता येत नाहीत ती काय शोधणार, असंच तुमच्या मनात आलं असेल. तरी तुम्ही माझा हात दाबला. त्यानंतर तुम्ही हात गोल फिरवला नाही.

एक सांगते, कोणाला सांगितलं नाही. तुम्ही गेलात त्या सकाळी मला रडू यायच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, आता यांना शब्द शोधावा लागणार नाही. आता यांना कोणी काही विचारणार नाही. बायको म्हणून मला त्याची लाज वाटली, पण वाटलं ते वाटलं.

जनाज्याच्या नमाजाआधी इरफानने सगळ्यांसमोर उभं राहून विचारलं, अब्बांकडून कोणाचं काही येणं असेल तर मला सांगा, मी देईन. मी घरात बायकांमध्ये त्याची वाट बघत बसले होते. तो आला, मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाला, "नाही अम्मी. कोणी नाही आलं." तेव्हा मला कळलं नाही, आज कळलं. तिथं सगळे पुरुष होते.

दुकान भाड्याचं, ते रिकामं करायला लागलं. उरलेली मशीनं इरफानने टेम्पोतून घरी आणली आणि पुढच्या खोलीत भिंतीला लावली. दुकानाच्या शटरवर घरचा पत्ता चिकटवला. पुरुष आले तर इरफान दारातून मशीन देतो. बायका आल्या तर मी देते. तुम्ही चिठ्ठ्या लावल्या नव्हत्या, त्यामुळे ज्याने त्याने आपलं ओळखायचं.

आज दुपारी एक बाई आली. माझ्यापेक्षा लहान, सुती साडी, पायात धूळ. इरफान कामाला गेला होता आणि शाहीन आत फोनवर. बाई दारातच उभी राहिली.

"मिस्त्रीभाऊंचं घर हेच न जी? माह्यं निळं मशीन हाये का इथं?"

मी म्हटलं, "बघा, आहे का."

तिने ओळखलं. कोपऱ्यातलं, हाताने चालवायचं, रंग उडालेलं. मशीन दुरुस्तीला टाकून आईचं दुखणं काढायला ती यवतमाळकडे गावी गेली होती, तिकडेच सहा-सात महिने अडकली. कालच आली आणि दुकान बंद पाहून रडली म्हणाली. मग खाली बसली आणि मशीन चालतं का ते बघायला तिने त्याचं हँडल धरून फिरवलं. मशीनचा आवाज आला नाही, इतकं साफ चाललं. तुम्ही ते करून ठेवलं होतं.

पण मी मशीनकडे बघत नव्हते. मी तिच्या हाताकडे बघत होते. हात गोल फिरत होता. एकदा, दोनदा, परत परत.

अहो, तुम्ही सांगत होता. रोज सांगत होता. आम्ही तुम्हाला नाव विचारत होतो आणि नाव तुमच्याजवळ कधी नव्हतंच. हलवायला आत काहीतरी असावं लागतं. तुमच्या आत मशीन होतं, आणि आम्ही पंखा लावत होतो.

पैसे लगेच आणून तिच्या हातात ठेवावेत असं वाटलं. मग त्या रेंज जाणाऱ्या माणसाची आठवण झाली. उत्तर आपण द्यायचं नाही. मी विचारलं, "बाई, यांच्याकडून तुमचं काही यायचं होतं का?"

ती हँडलवरून पदर फिरवत राहिली. "नाही जी. माह्यं काय येणं? माह्या तर ध्यानात काही नाही." आणि लगेच, "मजुरी किती झाली भाऊंची?"

मी म्हटलं, मजुरी नाही. मला वाटलं, चुकलं माझं. हाताने चालणारी मशीनं काय एक आहेत? तिने मशीन कपड्यात बांधलं, डोक्यावर घ्यायला मी हात लावला. उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली.

"वहिनी, तुमचं पोट कसं हाये आता? जेवन पचते न बराबर?"

माझ्या ऑपरेशनचं मी माहेरीसुद्धा सांगितलं नव्हतं. शेजारी माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे मी कशी आहे.

मी म्हटलं, "मशीन खाली ठेवा."

"काऊन जी?"

"ठेवा. तुम्हाला सगळं आठवतंय. मी काही सांगणार नाही, तुम्ही सांगा."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. शाहीन आतून दारात येऊन उभी राहिली, कानाला हेडफोन तसेच. ती बाई मशीन खाली ठेवून भिंतीला टेकून बसली.

मग तिने सांगितलं. मोठं मोटरचं मशीन घ्यायला तिने पैसे साठवले होते. गाऊन शिवायचं काम मिळणार होतं. जुनं चांगलं मशीन बघून ठेवा म्हणून ती पैसे घेऊन तुमच्याकडे आली, तर तुम्ही मशीनला सुई उलटी लावत होता, एकदा नाही, तीनदा. तिने विचारलं. तुम्ही सांगितलं, बायकोचं पोट कापायचं आहे. "मी म्हटलं, मशीन का पळून जाते का भाऊ? आधी बाईचं पोट पाहा. तीस हजार होते, तीसच्या तीस तिथं ठेवले आन् निघाली. भाऊंनी नाव नाही विचारलं. मीबी नाही सांगितलं. हे निळं मशीन भाऊंजवळच येते न दुरुस्तीले, मंग मी कुठं जाते आन् भाऊ कुठं जातात."

शाहीन म्हणाली, "मग मघाशी नाही का म्हणालात?"

"भाऊ गेले न बाई. आता पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या दारात बसून पैसे मागू का मी? मनात म्हटलं, इसरून जा."

आपल्याकडे कपाळाला कुंकू नसतंच, पण मी तिला ते सांगितलं नाही. मला तिच्याजवळ बसावंसं वाटलं, बसले. शाहीनने चहा ठेवला. मी तिला नाव विचारलं. तुम्ही जे कधी विचारलं नाहीत ते मी विचारलं, आपल्या भांडणात एवढं तरी माझ्या बाजूने धरा. तिचं नाव सुनंदा आहे. तिच्याकडे फोन नाही, म्हणून तुमच्या मोबाईलमध्ये निळं मशीन नव्हतंच. नवरा मार्केटयार्डात हमाली करतो. मुलगी नववीत आहे. तुम्ही तिच्याकडून पहिल्या वर्षी दुरुस्तीचे पैसे घेतले नव्हते, हेही तिने सांगितलं. मला माहीत नव्हतं. तुमच्याबद्दल मला अजून काय काय माहीत नाही ते या मशीनवाल्या बायकाच सांगत येतील, असं वाटतं. बरं वाटतं. इद्दतीचे दिवस जातील.

मी उठून कपाट उघडलं. नोटा तुम्ही ठेवल्या होत्या तशाच, तुमच्या जुन्या सदऱ्याखाली. इतके दिवस त्या कपाटाला हात लावताना मला ओझं वाटायचं. तुमच्या दवाखान्याला पैसे कमी पडले तेव्हाही इरफानने आणि मी त्यातली नोट काढली नव्हती.

सुनंदाबाईंनी घ्यायला हात पुढे केला नाही. म्हणाल्या, "अर्धे ठेवा वहिनी, दिवस खराब हायेत." मी म्हटलं, "हे माझे नाहीत, यांचे आहेत. यांना मोकळं करा." मग त्यांनी पदराला हात पुसले आणि घेतले. मी मोजा म्हटलं. त्या नको म्हणाल्या. शाहीन म्हणाली, मोजा हो मावशी, अब्बांना बरं वाटेल. त्यांनी मोजले, शाहीनने मोजले. बरोबर होते. त्यांनी रुमालात बांधून कमरेला खोचले, मशीन डोक्यावर घेतलं आणि जिना उतरून गेल्या.

तीस हजार पोचले. ज्याचे होते त्याला पोचले. तुमच्याकडून आता कोणाचं काही येणं नाही.